गाऱ्हाण्यात घुसवलेली वाट

माझ्या चुलत भावाने मला फसवलं. माझ्याच आगरात, माझ्याच माडाचा नारळ हातात धरून, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला, देवाच्या साक्षीने फसवलं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वाडीतले लोक हसत हसत म्हणतात, जाऊ दे, झालं ते झालं. लोकांचं काय जातं? गडगा त्यांचा फुटलेला नाही.

आधी ते आगर काय होतं ते सांगतो. वाटणीत घराच्या बाजूचा जो तुकडा मला आला तो निव्वळ कातळ होता. चुलत भावाच्या वाट्याला खालची, व्हाळाकडची, म्हणजे ओढ्याकडची काळी माती आली. मी तक्रार केली नाही. सुरुंग लावून खड्डे पाडले, तळ्यातला गाळ गाडीने आणून ओतला आणि माड लावले, सुपारी लावली, चिकू लावला, दोन पेरू लावले. भोवती गडगा घातला, चिऱ्याच्या तुकड्यांचा, छातीएवढा, एकावर एक दगड बसवून. त्यातला प्रत्येक दगड माझ्या हाताखालून गेला आहे.

पैसा आंब्यातून आला. मोहोर बघून झाडं ठरवून घ्यायची, हा माझा धंदा. मिठबावपासून मसुऱ्यापर्यंतचे बागवाले मला ओळखत. माझी रीत साधी होती. समोरच्याने भाव सांगितला की मी उठायचो आणि सावकाश चपला घालायला लागायचो. दुसरी चप्पल पायात जाण्याआधी हाक यायची, ‘अरे, बस रे, बस!’ कधी चुकली नाही ती हाक. हे सांगतो ते मोठेपणासाठी नाही. व्यवहारात मला कोणी गंडवलेलं नाही हे वाचणाऱ्याला माहीत असावं, म्हणून सांगतो.

तर, चुलत भाऊ. माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला दादा म्हणतो. त्याचं घर माझ्या आगराच्या मागे, खालच्या अंगाला. त्याला एस.टी.च्या रस्त्यावर यायचं तर व्हाळातून वळसा घालून यावं लागे. माझ्या आगरातून आला असता तर विडी पेटवून संपायच्या आत रस्त्यावर. म्हणून त्याला वाट हवी होती. किती तऱ्हेने मागितली! एकदा म्हणाला, बांधावरचा फणस तुझा. एकदा म्हणाला, उन्हाळ्यात माझ्या बावडीचं पाणी घे. एकदा वहिनीला माझ्या बायकोकडे पाठवलं, गरम घावन्यांचं ताट घेऊन. घावने आम्ही खाल्ले, वाट दिली नाही. आमच्याकडे दिलेली वाट परत घेता येत नाही. आज माणूस जातो, उद्या त्याची म्हैस जाते, परवा त्याच्या नातवाची वरात जाते, आणि मग आपण आपल्याच जमिनीत बाजूला उभं राहून वरातीला जागा द्यायची.

हे असं चाललेलं असताना तो मे महिना आला. ऐंशीनंतरची ती वर्षं. गावात दिवे आले होते, अधूनमधून पेटतही होते. माझी धाकटी बहीण मुंबईहून मुलांना घेऊन आली होती आणि माझी मुलगी पाच वर्षांची होणार होती.

‘भाऊ, यंदा वाढदिवस करायचा,’ बहीण म्हणाली. मुंबईला गेल्यापासून ती माझ्याशी पुस्तकी मराठी बोलते.

‘करूक नको कोण म्हणता? शिरो कर, ओवाळ, झाला.’

‘असा नाही. केक, फुगे, टोप्या, खेळ. आमच्या चाळीत सगळे करतात. आणि तुझ्याकडे तर एवढी बाग आहे!’

आगराला तिने बाग म्हटलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण चुलीपुढून बायको बोलली, ‘सगळां जग करता. आमच्या चेडवाच्या नशिबाक मात्र शिरो.’ चेडू म्हणजे मुलगी. ते चेडू दारात उभं राहून माझ्याकडे बघत होतं. मी आंब्याच्या पेट्या मोजत होतो, मोजणी चुकली. म्हटलं, करा काय करायचं ते. शेजारची पाच-सहा पोरं बोलवा.

बायकोने कपाळाला हात लावला. आमच्या वाडीत आवतण माणसाला नसतं, घराला असतं. एका घरी सांगून पुढचं घर सोडलं तर ते घर पुढे आपल्या मयतालाही येत नाही. आणि मे महिन्यात एकेका घरात मुंबईची पोरं फणसातल्या गऱ्यांसारखी भरलेली असतात. बायको वरची वाडी सांगून आली, बहीण उत्साहाने खालची वाडी सांगून आली. पोरांनी पोरांना सांगितलं ते वेगळंच. ऐन हंगामात, गवताच्या राशी आणि पेट्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, पडलेल्या असताना, अख्ख्या गावच्या पोरांचं लेंडार माझ्या आगरात येणार हे मला आदल्या दिवशी कळलं.

केक कणकवलीच्या बेकरीत सांगितला होता. तो एस.टी.ने तळेऱ्याला यायचा आणि तिथून मी आणायचा. मी उन्हात तळेऱ्याच्या तिठ्यावर उभा. गाडी आली. ड्रायव्हरने खोका काळजीने सांभाळला होता, म्हणजे आपल्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवला होता. उघडून बघितलं तर गुलाबी फुलं एका कोपऱ्यात वाहत गेलेली आणि मुलीचं नाव असं पसरलेलं की कोणाच्याही मुलीला चाललं असतं.

‘ड्रायव्हरसाहेब, हे काय?’ मी विचारलं.

‘वास बघा की,’ तो म्हणाला. ‘वास एकदम फस्क्लास आहे.’

फुगे मी बाजारातून घेतले होते, चांगली घासाघीस करून. दुकानदाराने लगेच भाव उतरवला तेव्हा मला बरं वाटलं होतं. घरी आल्यावर कळलं की ते फुगे कधीपासून डब्यात पडून एकमेकांना चिकटले होते. बहिणीने एक फुगवला, तो तिच्या तोंडावर फुटला. दुसरा फुटला नाही, फुगलाही नाही. ‘भाऊ, तू हे विकत घेतलेस की कोणी दिले?’ ती म्हणाली. सरबताला बर्फ हवा होता. बर्फ बंदरावर मिळतो, मासळीच्या पेट्यांत घालायला ठेवतात तो. भुशात गुंडाळून आणला, धुतला, पुन्हा धुतला. कोकम सरबताला बांगड्याचा वास आला तो आलाच.

अशा डोकं भणभणलेल्या सकाळी दादा आला. गडग्याच्या पलीकडे उभा, खांद्यावर पंचा, चेहऱ्यावर एकदम मायाळू भाव.

‘काय रे, खालच्या वाडीतली पोरां खंयसून येतली?’

‘येतली व्हाळातसून. रोज येतत तशी.’

‘नवे कपडे घालून? व्हाळात चिखल करतली, नायतर गडग्यार चढतली. एखादा पडला, हात मोडलो, तर मुंबयकार आवशी तुका सोडतीत?’

यात खोटं काही नव्हतं. त्याच्या बोलण्यात खोटं कधी सापडत नाही, तीच अडचण आहे.

‘मगे काय करू?’

‘चार दगड बाजूक काढतंय. आजच्यापुरते. सांजेक परत लावतंय.’

मी विचार केला. थकलेलो होतो तरी विचार केला. म्हटलं, चार दगड काढायला देतो, पण फुकट नाही. ‘तू संध्याकाळी स्वतःच्या हातान परत लावशीत. आणि मांडव तू घालायचो. झावळां तुझी, बांबू तुझे, शाळेतली बाकां तू आणायची.’

‘व्हय तर,’ तो म्हणाला. ‘माझ्या पुतणीचोच मां वाढदिवस?’

एवढं झटकन मान्य केलं. फुगेवाल्यानेही झटकन मान्य केलं होतं, हे मला तेव्हा आठवलं नाही. उलट दिवसभर त्याला बाकं वाहताना बघून मला गुदगुल्या होत होत्या. मांडव मात्र त्याने छान घातला. चार दगड म्हणाला होता, काढले मात्र एक बैल आरामात जाईल इतके. मी ओरडलो तर म्हणाला, ‘पोरां काय एकामागसून एक येतत? झुंडीन येतत.’

आणि आलीच झुंडीने. त्या खिंडारातून अशी आत घुसली की पहिल्या दमात माझी मिरचीची रोपं गेली, दुसऱ्या दमात अळू. कागदी टोप्या बहिणीने रात्री बसून चिकटवल्या होत्या. त्या डोक्यावर थोड्या आणि दादाच्या शेळीच्या तोंडात जास्त. शेळीही त्याच वाटेने आली होती, बिनबोलावता. संगीत खुर्ची खेळायची म्हणून सुपारीच्या गळलेल्या विऱ्या, म्हणजे झावळांचे रुंद देठ, आसनं म्हणून गोल मांडल्या आणि माझा ट्रान्झिस्टर लावला. गाणं संपून कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसाठी सूचना सुरू झाल्या. पोरं थांबली नाहीत, वाऱ्याच्या वेगावरही गोल पळत राहिली. एका मुंबईच्या मुलाने मला विचारलं, ‘काका, टॉयलेट कुठे आहे?’ तोवर बाकीच्यांनी माझ्या केळींच्या मागे तो प्रश्न सोडवला होता.

माझी मुलगी नव्या फ्रॉकात मधोमध उभी होती. तिला कोणी विचारत नव्हतं आणि तिला त्याचं काही नव्हतं. डोळे एवढे मोठे करून ती सगळ्यांना बघत होती. आपल्या घरी एवढी माणसं आपल्यासाठी येतात, हे तिला त्या दिवशी कळलं असावं. एवढं मी कबूल करतो, की ते बघून मी मिरच्यांबद्दल काही बोललो नाही.

केक कापायच्या वेळी बायको म्हणाली, ‘आधी देवाक नारळ ठेवया. मेणबत्ती विझवायची आधी आणि देवाक मागसून, ह्यां माका चलाचा नाय.’ ते बरोबरच होतं. आमच्याकडे नांगर धरण्यापासून होडी लोटण्यापर्यंत काहीही गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. घरातला वडीलधारा नारळ हातात घेतो, मोठ्याने देवाला सगळं सांगतो, मागायचं ते मागतो, आणि जमलेले प्रत्येक मागणीला ‘होय म्हाराजा!’ म्हणून हुंकार भरतात. मग तो नारळ फोडला की मागणी देवाकडे पोचली. वडील नव्हते, काका नव्हते. घरातला वडीलधारा म्हणजे दादा. मी माझ्या हाताने माझ्या माडाचा शेंडीवाला नारळ त्याच्या हातात दिला.

तेवढ्यात चिकूच्या झाडावरून फांदी मोडल्याचा आवाज आला. बघतो तर एक पोरगं वरच्या फांदीवर बसून कच्चे चिकू तोडून खालच्यांना फेकत होतं. मी काठी घेऊन तिकडे धावलो. मागे मांडवात दादाने आवाज लावला होता.

‘बा देवा म्हाराजा! बारा येशीच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा! आज तुझ्या ह्या लेकरान आपल्या चेडवाचो वाढदिवस केल्यान हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’ पोरांना तो खेळ फार आवडला. शाळेतल्या कवायतीसारखी ओरडली.

‘उतर, मेल्या!’ मी झाडाखालून म्हणत होतो.

‘तेच्या चेडवाक औक्ष दी, शिकान सवरान मोठां कर, आवशी-बापाशीच्या नजरेसमोर सुखात ठेव रे म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’ हे मीही म्हटलं, वर बघत बघत.

‘काका, मी उतरतो, पण तुम्ही काठी टाका,’ वरून उत्तर आलं.

‘आणि आज ह्या चेडवाच्या निमतान गडग्यातसून जी वाट मोकळी झाली, ती तेच्या औक्षावांगडा अशीच मोकळी रवानदे. कोणाच्या मनात तेबद्दल काय वाकडा असात, तर तां सरळ कर रे म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’

हेही मी म्हटलं. काठी खाली टाकत, त्या पोराचा पाय पकडत, पोटातून म्हटलं. लहानपणापासून त्या आवाजाला तोंडातून तेच उत्तर येतं. शिंकेला कोणी परवानगी विचारत नाही. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, केक कापला. गुलाबी चिखल सगळ्यांनी बोटांनी खाल्ला, सरबताला सगळ्यांनी नाकं मुरडली आणि सगळ्यांनी दोनदा मागून घेतलं.

संध्याकाळी पोरं गेली. आगर वादळ येऊन गेल्यासारखं दिसत होतं. दादा बाकावर बसून विडी ओढत होता.

‘दादा, दगड लाव आता.’

‘खंयचे दगड?’

‘गडग्याचे. सकाळी ठरला तां.’

त्याने विडी विझवली. फार सावकाश विझवली. ‘अरे, आता कशे लावू? आताच देवाक सांगलाव मां, वाट मोकळी रवानदे म्हणान. तू पण होय म्हटलंस.’

मला आधी कळलंच नाही. मग त्याने शांतपणे, एक शब्द इकडचा तिकडे न करता, गाऱ्हाणं पुन्हा म्हणून दाखवलं. मुलीच्या आयुष्याबरोबर वाटही मोकळी राहू दे, असंच मागितलं होतं त्याने.

‘मी खंय होय म्हटलंय?’ मी ओरडलो.

बहीण तोंडाला पदर लावून हसत होती. ‘भाऊ, तूच तर सगळ्यांत मोठ्याने म्हणालास. पोरं वळून बघायला लागली.’

मी तडक गडग्याकडे गेलो आणि पहिला दगड उचलला. तो दगड छातीशी धरून वळलो, तर खिंडारात बायको उभी. कडेवर मुलगी, तोंडाला गुलाबी केक, अर्धवट झोपलेली.

‘तेका हात लावू नकात,’ बायको म्हणाली.

‘गो, बाजूक हो.’

‘त्याच नारळात ह्या चेडवाचा औक्ष मागला हा. वाट तेच्या औक्षावांगडा म्हटल्यानी भावजींनी. अर्धा मोडून अर्धा ठेवूक येता काय? सांगा, येता?’

मी तिच्याशी आयुष्यात पुष्कळ भांडलो आहे आणि पुष्कळदा जिंकलो आहे. पण ती त्या वेळी चिडलेली नव्हती. घाबरलेली होती. मुलीचं डोकं तिने पदराखाली घेतलं होतं, जणू मी दगड मुलीवरच उचलला होता. मी दगड खाली ठेवला. माझा हात धरायला दादाने माझ्याच बायकोला उभं केलं होतं, आणि तिला ते माहीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी देवळात गेलो. गुरवाला सगळं सांगितलं. म्हटलं, औक्ष राहू दे, वाट तेवढी काढून टाका, दोन गजाली वेगळ्या आहेत.

‘नारळ एकच फोडललो मां?’ गुरव म्हणाला.

‘एकच.’

‘मगे?’

मी म्हटलं, आणखी नारळ देतो, हवे तेवढे देतो. तो म्हणाला, नारळांचा प्रश्न नाही. ज्याने मागितलं त्यानेच देवासमोर उभं राहून परत घ्यायचं, आणि का परत घेतो ते सांगायचं. मी उठलो. पायरीवर येऊन सावकाश चपला घालायला लागलो. एक घातली. दुसरीचा अंगठा बराच वेळ सापडत नव्हता. मागून हाक आली नाही. गुरव दिव्यात तेल घालत होता.

मग दादाकडे गेलो. पहिल्यांदाच त्याच वाटेने गेलो, रागात लक्षात आलं नाही. त्याला म्हटलं, चल देवळात, परत घे.

‘मिया खंय मागलंय?’ तो म्हणाला. ‘ऐन वेळार तोंडात इला तां बोललंय. देवानच बोलवल्यान रे. मिया काय ठरवन बोलतंय?’

तेव्हा मी खाली बघितलं. गडग्यापासून त्याच्या अंगणापर्यंत पायऱ्या होत्या. नव्या, चिऱ्याच्या, नीट बसवलेल्या, कडेचे ओरखडे अजून लालभडक. उतारावर माती कापून, दोन्ही बाजूंना दगड लावून केलेल्या. उतार गडग्याच्या आड, म्हणून मला त्या कधी दिसल्या नव्हत्या, आणि आदल्या दिवशीच्या गडबडीत मी तिकडे वाकून बघितलंच नव्हतं. मी दगडाचं काम आयुष्यभर केलं आहे. तसल्या पायऱ्या एका सकाळी होत नाहीत.

आज त्या वाटेने सगळी वाडी जाते. मासेवाली जाते, सायकली जातात, आणि मी म्हटलं होतं तशी म्हैसही जाते. मुलगी मोठी झाली, शिकली, संसाराला लागली, सुखात आहे. माहेरी येते ती त्याच वाटेने आधी दादाच्या घरी जाऊन येते. लोक म्हणतात, बघ, गाऱ्हाणं फळलं. गडगा बांधायला आजही माझ्यात ताकद आहे, पण मुलीला साधा ताप आला असं मुंबईहून कळलं तरी माझी नजर आधी त्या खिंडाराकडे जाते. कोणी चुकून तिथे लाकडं तर रचली नाहीत ना, हे मी बघून येतो. कातळ फोडून केलेल्या माझ्या आगरात मी ही राखण करतो आहे, आणि तो पलीकडे ओटीवर बसून विडी ओढतो.

वाटेचं मी सोडून देईन, दादा. माड तिथे चार कमी लागले, ते सोडून देईन. पण वाट तुला हवी होती, तर तुझा फणस तागडीत टाकायचास, बावडी टाकायचीस, माझी पोर कशाला टाकलीस? तिचा आणि तुझ्या पायांचा काय संबंध होता? देवाने बोलवलं हे मला सांगू नकोस. देवाने ऐन वेळी तोंडात घातलं, तर पायऱ्या आधीच कोणी बसवल्या? माझ्या खळ्यात ये, नारळ मीच देतो, वाडी मीच जमवतो. तो नारळ हातात धर आणि एवढ्याच एका प्रश्नाचं उत्तर सगळ्यांदेखत, मोठ्याने दे. या खेपेला मी झाडाखाली नसेन. समोर उभा राहून शब्दन् शब्द ऐकेन, आणि मगच होय म्हणायचं की नाही ते ठरवीन.